फोनातलं नाव

शाळेचं नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, फुलसावंगीकडून येणारा माणूस ते वळणावरूनच वाचतो, इतक्या मोठ्या अक्षरांत संस्थेने ते फाटकावर लिहिलं आहे. त्याखाली संस्थापकाचं नाव आहे, ते त्याहून मोठं. त्या फाटकाच्या आत घनश्याम बावीस वर्षं शिपाई होता. झाडायचं, घंटा द्यायची, हेडसरांचा चहा आणायचा, टपाल घेऊन पुसदला जायचं आणि सोळा किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवून दिवसभर हिंडायचं, हे त्याचं काम. पण गाव त्याला ओळखायचं ते त्याच्या अक्षरामुळे.

तसं अक्षर शाळेतल्या एकाही शिक्षकाचं नव्हतं. हे शिक्षकांनाही कळत होतं, म्हणून फलकावर रोजचा सुविचार आणि दिनविशेष लिहायचं काम त्यांनी मोठ्या मनाने शिपायाकडे सोपवून दिलेलं. सकाळी साडेसहाला येऊन तो ओल्या फडक्याने फळा पुसायचा, वाळू द्यायचा, मग रंगीत खडूंनी लिहायचा. लिहून झालं की दोन पावलं मागे सरून फोटो काढायचा आणि मोबाइलवर स्टेटसला ठेवायचा. रोज दोनशे जण ते पाहत. गावातल्या बाया एकमेकींना म्हणत, "घनश्यामभाऊचं स्टेटस आलं का पाय, मंग चहा मांड."

त्या शाळेत स्टेटस ही काही निव्वळ हौसेची गोष्ट नव्हती. अध्यक्ष दादासाहेबांचा वाढदिवस आला की आदल्या दिवशी ग्रुपवर बॅनर यायचं, खाली हेडसरांचा हुकूम असायचा, 'सर्वांनी उद्या स्टेटसला ठेवावे'. दुसऱ्या दिवशी ऑफिसातला बाबू खुर्चीत बसून एकेकाचं स्टेटस तपासायचा आणि यादीत खूण करायचा. हजेरीचं मस्टरसुद्धा इतक्या काळजीने कोणी भरत नसे. घनश्यामने दादासाहेबांना सलग सात वाढदिवसांच्या शुभेच्छा दिल्या होत्या. दादासाहेबांना त्याचं नाव माहीत नव्हतं.

याच शाळेत निशिगंधा शिकली. सातवीत होती तेव्हाची गोष्ट. सहामाही परीक्षेत पेपर संपला, वर्ग रिकामा झाला, आणि ही पोरगी बाकावरून उठेना. घनश्याम बाकं मोजत आत आला. तिचा रडवेला चेहरा त्याने एकदा पाहिला आणि त्याला समजलं. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्याकडे न बघता बाकावर टाकला. "कमरेले बांध, बाई, आन माह्या मांगं ये," एवढंच म्हणाला. शेडमध्ये त्याची बायको लीलाबाई पोरांची खिचडी शिजवायची. पुढचं लीलाबाईने पाहिलं, पोरीला चहा पाजला आणि घरी पोचवलं. वर्गात कोणाला पत्ता लागला नाही. त्या दिवसापासून निशिगंधा त्याला घनाकाका म्हणू लागली. बाकी सगळ्या पोरांचा तो घनश्यामभाऊ होता.

बारा-तेरा वर्षांनी ती त्याच शाळेत शिक्षणसेविका म्हणून रुजू झाली. पहिल्या दिवशी सगळ्या स्टाफसमोर वाकून त्याच्या पाया पडली. हेडसरांच्या हातातला कप तसाच राहिला. मग तिने फोन काढला, त्याचा नंबर विचारला आणि नाव टाकून स्क्रीन त्याच्यापुढे धरली. घनाकाका. बाकीच्यांच्या फोनात आपण काय आहोत हे त्याला चांगलं ठाऊक होतं. चहाचा निरोप द्यायला कोणी फोन लावला की त्याची नजर जायचीच, 'घनश्याम शिपाई', आणि एकाच्या फोनात तर नुसतंच 'शिपाई'. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने लीलाबाईला ते तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "समजलं ना बाप्पा. आता जेवा."

आता कुलपाची गोष्ट. पंधरा ऑगस्टला शाळेत मुलींसाठी नवीन स्वच्छतागृह झालं. आत टाइल्स, नळ, एक आरसासुद्धा. दारावर नऊ नावांची कोनशिला. फीत कापली, टाळ्या झाल्या, पाहुणे जेवून गेले आणि हेडसरांनी दाराला कुलूप घातलं. "पोरी घाण करतात. उद्या तपासणीला कोणी आलं तर काय दाखवायचं?" म्हणाले. घनश्यामच्या जुडग्यात सतरावी किल्ली आली.

काही महिने निभलं. शाळेच्या मागे तुरीचं वावर होतं आणि तूर माणसाच्या डोक्यावर गेली होती. मधल्या सुट्टीत पोरी दोघी-दोघींनी तिकडे जाऊन येत. जानेवारीच्या शेवटी मालकाने तूर सोंगली आणि वावर एका दिवसात उघडं पडलं. रस्त्यावरून जाणाऱ्या ऑटोतली माणसंही दिसू लागली. मग पोरींनी उपाय काढला. त्या पाणीच पिईनाशा झाल्या. खिचडी खायच्या आणि ग्लास तसाच भरलेला ठेवून उठायच्या. हे पहिल्यांदा लीलाबाईच्या ध्यानात आलं, कारण ग्लास तीच विसळायची. एक दिवस आठवीतली एक मुलगी प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. घनश्याम हेडसरांकडे गेला, "सर, मधल्या सुट्टीत तरी कुलूप उघडू का?" हेडसरांनी वर न बघता सांगितलं, "तू किल्ल्या सांभाळ. शाळा मी सांभाळतो."

निशिगंधाही त्यांना भेटून आली होती. तिला 'पाहू' असं उत्तर मिळालं. शनिवारी मधल्या सुट्टीत तिने तणतणतच फोन काढला आणि त्या दाराचा फोटो घेतला. वर नऊ नावांची कोनशिला, खाली पितळी कुलूप, आणि कडेला पाठमोऱ्या उभ्या दोन मुली. लीलाबाई चार हातांवर भांडी घासत होती. तिच्या देखत फोटो निघाला. मिनिटभराने घनश्यामचा फोन वाजला. फोटो आला होता, त्याखाली मजकूर होता, 'काका, हे तुमच्या स्टेटसला ठेवा. सगळं गाव तुमचं स्टेटस पाहते.'

तो तिच्या वर्गाशी गेला. "बाई, तुमीच ठेवा ना. मले अशा गोष्टीतलं काय समजते?"

"काका, जूनमध्ये माझी तीन वर्षं पूर्ण होतात. मान्यतेचा कागद हेडसरांच्याच सहीने जाते. माझ्या नावानं आलं तर मी संपली." तिने त्याचा फोन घेतला, हेडसर, बाबू आणि दादासाहेब यांना स्टेटस दिसणार नाही अशी सोय आपल्या हाताने करून दिली आणि फोन परत दिला. "तुम्ही पर्मनंट आहात. तुम्हाला काय होते? आणि मी आहे ना मागं."

घरी लीलाबाईने ऐकलं आणि विचारलं, "फोटो तिनं काढला. मंग थेच काहून नाही ठेवत?"

"तुले नाही समजत," घनश्याम म्हणाला. "लेकरू हाय थे आपलं."

सोमवारी सकाळी त्याने फलक लिहिला, पण फोटो काढला नाही. स्टेटसला तो दाराचा फोटो ठेवला आणि त्याखाली स्वतःच्या मनाने तीन वाक्यं लिहिली. 'कुलूप नवीन आहे. किल्ली माझ्याजवळ आहे. उघडायची परवानगी नाही.' बावीस वर्षं दुसऱ्यांचे सुविचार लिहिणाऱ्या माणसाचं स्वतःचं असं एवढंच लिखाण. पाच मिनिटांत निशिगंधाचा अंगठा आला. मागोमाग चार शिक्षकांचे अंगठे आले, एकाने नमस्काराचे हात पाठवले. घनश्यामची छाती भरून आली, हे खोटं कशाला सांगू?

अकरा वाजता फाटकाशी वीस-बावीस बाया आल्या. पुढे तुळसाबाई, जिची नात प्रार्थनेत पडली होती. तिने हेडसरांना एकच विचारलं, "उघडता का आमी उघडू?" हेडसरांनी हसत हसत, जणू आपण तेच करायला निघालो होतो अशा थाटात, घनश्यामकडून किल्ली मागून कुलूप काढलं. मुलींची रांग लागली. बाया गेल्यावर त्यांनी घनश्यामला आत घेतलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "काम झालं ना? आता ते डिलीट कर. विषय संपला." त्याने त्यांच्यासमोर डिलीट केलं. बाहेर आल्यावर त्याच्या मनात आलं, सरांना तर दिसणारच नव्हतं. मग यांनी पाहिलं कसं? पण कुलूप उघडलं होतं. आनंदात माणूस असले प्रश्न फार वेळ धरून ठेवत नाही.

मंगळवारी त्याच्या हातात नोटीस पडली. संस्थेची बदनामी हा मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिला मुद्दा असा, 'आपण मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ जाऊन विद्यार्थिनींची छायाचित्रे काढली व ती समाजमाध्यमावर प्रसारित केली.' घनश्यामने ते दोनदा वाचलं. नोकरी गेली असती तरी त्याने एखाद्या वेळेस सोसलं असतं. पण ज्या पोरींची दप्तरं त्याने बावीस वर्षं वाहिली, त्या पोरींच्या बाबतीत हे नाव लागणं, हे त्याच्या सहनशक्तीबाहेरचं होतं.

तो निशिगंधाकडे गेला. तिने नोटीस वाचली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, उत्तरात माझं नाव नका लिहू. चौकशीत मी स्वतः उभी राहून सांगीन, फोटो मी काढला. माझ्यावर सोडा."

त्याने सोडलं. उत्तर दीड ओळीचं लिहिलं, तेही फलकावरच्यासारख्या सुंदर अक्षरात, 'फोटो मी काढलेला नाही. बाकी चौकशीत सांगीन.' चौकशी शुक्रवारी होती. मधल्या दिवसांत गावात बातमी फिरली, आणि कशी फिरली पाहा. कुलूप गळून पडलं आणि फोटो तेवढा राहिला. बुधवारी, 'घनश्यामनं पोरींचा फोटो टाकला.' गुरुवारी, 'घनश्याम पोरींचे फोटो काढते म्हणते, तिकडं मांगं जाऊन.' संध्याकाळी किराण्याच्या दुकानाशी तुळसाबाई दिसली. सोमवारी ज्या बाईने त्याच्या नावाने आशीर्वाद दिला होता, तिने त्याला पाहिलं आणि नातीचा हात धरून रस्ता ओलांडला. घनश्याम मीठ न घेताच घरी आला. लीलाबाईला म्हणाला, "उद्याच्या दिवसाचा प्रश्न हाय. उद्या निशी सांगीन, मंग साऱ्याइचे तोंड बंद."

शुक्रवारी हेडसरांच्या खोलीत पुसदहून आलेले दोन संचालक बसले. बाजूला बाबू लिहायला, आणि महिला प्रतिनिधी म्हणून निशिगंधा. घनश्यामला उभं ठेवलं. बावीस वर्षं त्याने त्या खोलीतल्या खुर्च्या पुसल्या होत्या, तेव्हा बसायची सवय त्यालाही नव्हती. एका संचालकाने फाइलमधून छापलेला कागद काढून त्याच्यापुढे सरकवला. "हे तुमचंच ना?"

त्याच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट होता. कोनशिला, कुलूप, त्या दोन मुली, त्याची तीन वाक्यं. फोटो कोणत्या फोनातून घेतला ते कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. पण स्टेटस पाहताना वर ते ठेवणाऱ्याचं नाव दिसतं, पाहणाऱ्याच्या फोनात जसं टाकलेलं असेल तसं. घनश्यामने कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे 'घनश्याम शिपाई' नव्हतं. 'शिपाई' नव्हतं.

'घनाकाका' होतं.

आणि त्याच्या वर, कोपऱ्यात, फोनातल्या घड्याळाची वेळ होती, सहा अठ्ठावन्न. म्हणजे बाया फाटकाशी यायच्या चार तास आधी. ज्या मिनिटाला तिने अंगठा पाठवला, त्याच मिनिटाला तिने हा स्क्रीनशॉटही काढून ठेवला होता. कौतुकाने काढला असेल, पुढे भीतीने दिला असेल. काढतानाच भीती होती का, हे त्याला पुढेही कधी कळलं नाही. त्या क्षणी त्याला एवढंच कळलं की आपला गळा आपल्याच माणसाने धरला आहे.

तरीही त्याने वाट पाहिली. माणूस किती वेडा असतो! त्याला वाटलं, दिला असेल घाबरून, पण आता सांगेल.

"मॅडम," दुसरे संचालक निशिगंधाकडे वळले, "फोटो कोणी काढला याबद्दल तुम्हाला काही माहिती?"

निशिगंधा टेबलाच्या काचेखालच्या वेळापत्रकाकडे पाहत होती. "नाही सर," ती म्हणाली.

घनश्याम ओरडला तो खोलीबाहेर ऐकू गेला. "बाई! तुमीच काढला ना जी! शनिवारी! मले तुमीच पाठवला, माह्या फोनात हाय!" त्याने खिशातून फोन ओढला. तिचं नाव उघडलं. शनिवारच्या तारखेखाली दोन ओळी होत्या, आणि दोन्हींत एकच, फिक्या अक्षरांत, 'हा मेसेज डिलीट केला गेला'.

त्याने स्वतःचं स्टेटस हेडसरांच्या सांगण्यावरून पुसलं होतं. इकडे तिने आपलं पुसून टाकलं होतं. शिल्लक राहिला होता तो फक्त हा कागद.

"काका, असं काहून बोलता?" निशिगंधा हळूच म्हणाली. त्या खोलीत ती बोलली त्यातलं तेवढंच एक वाक्य वऱ्हाडीत होतं, आणि तेच त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

दारात लीलाबाई उभी राहिली. हातात खिचडीचा झारा तसाच. "म्या पाह्यलं! माह्या डोयानं पाह्यलं, यायनंच काढला फोटो!" बाबूने लिहिणं थांबवलं आणि संचालकांकडे पाहिलं. संचालक म्हणाले, "बाई, नवऱ्याच्या बाजूने बायकोची साक्ष आम्ही कशी धरणार? जा तुम्ही." बाबूने ती ओळ लिहिलीच नाही.

घनश्यामने कागदावर बोट ठेवलं. "साहेब, वर नाव पाहा. घनाकाका. हे कोनाच्या फोनात हाय तेवढं इचारा."

हेडसर खोकले. "स्क्रीनशॉट कोणी दिला हा चौकशीचा विषय नाही," ते म्हणाले, आणि कागद फाइलमध्ये गेला.

निकाल सोमवारी आला. घनश्यामच्या वयाचा विचार करून संस्थेने औदार्य दाखवलं, कडक ताकीद आणि उमरखेडकडच्या शाखेत बदली. फोटोचा मुद्दा 'संशयास्पद' असा शेरा मारून ठेवून दिला. सिद्ध झालं असतं तर खोटं तरी ठरवता आलं असतं. संशयास्पदचं काय करणार? ते गावात तसंच राहणार होतं, तो गेल्यावरही. त्याच सकाळी ग्रुपवर बॅनर आलं. स्वच्छतागृहाचं उघडं दार, हसणाऱ्या मुली, कोपऱ्यात दादासाहेबांचा फोटो. खाली हुकूम होता, 'सर्वांनी स्टेटसला ठेवावे.' या फोटोतल्या मुली समोरून दिसत होत्या. त्याबद्दल कोणाला नोटीस मिळाली नाही.

दुपारी चार्ज द्यायचा होता. पंधरा किल्ल्या बाबूने घेतल्या, फाटकाची हेडसरांनी. उरलेली सतरावी यापुढे महिला प्रतिनिधीकडे राहील, असा लेखी आदेश होता. म्हणून ती द्यायला घनश्याम निशिगंधाच्या वर्गात गेला. मुलं खेळायला गेली होती. त्याने किल्ली टेबलावर ठेवली, चार्जचा कागद पुढे केला. तिने सही केली आणि एकदम रडू लागली.

"काका, हेडसरांनी सोमवारीच बोलावलं होतं. म्हणाले, कोणाची करामत आहे ते मला माहीत आहे, पुरावा आणून दे, नाहीतर जूनमध्ये तुझा कागद जात नाही. माझ्या जागी तुम्ही असते तर काय केलं असतं?"

"म्या तं केलं ना, मॅडम," घनश्याम म्हणाला. "दुपट्टा टाकलता."

मॅडम हा शब्द त्याने तिच्यासाठी पहिल्यांदाच वापरला. तिने तोंड हातांनी झाकलं. घनश्याम कागद उचलून निघाला नाही, तिथेच उभा राहिला.

"एक काम हाय तुमच्याकडं. फोन काढा."

तिने भीत भीत काढला.

"माह्यं नाव हाय ना त्यात. थे बदला."

"काका, नका ना असं..."

"बदला. म्या उभा हाय."

तिने नाव उघडलं. बोट अक्षरांवर घुटमळलं. "काय लिहू?"

"घनश्याम शिपाई लिहा. साऱ्याइच्या फोनात थेच हाय. उद्या अजून कोनाले माह्या नावाचा कागद द्याचा पडला, तं त्याच्यावर थे घनाकाका नाही पाह्यजे."

तिने लिहिलं. त्याने फोन हातात घेऊन, फलक लिहिल्यावर पाहायचा तसा, थोडा लांब धरून पाहिला. नाव बरोबर होतं. त्याने फोन तिच्या टेबलावर किल्लीशेजारी ठेवला, चार्जच्या कागदाची घडी केली आणि खिचडीच्या शेडकडे गेला. लीलाबाई पिशवी भरून त्याची वाट पाहत होती.